इऑसच्या छताची शाकारणी: आधी काय, नंतर काय

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे निरोप यायला लागतात. "दादा, गाडी गळतेय. छताच्या रबरी सीलना ते महागडं वंगण लावलं, तरी गळतेय." लावण्याआधी काय केलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "वरवर पुसलं आणि लावलं."

चूक तिथेच आहे. फोक्सवॅगन इऑस म्हणजे धातूचं छत दुमडून डिकीत जाणारी गाडी. तिच्या छताची निगा राखताना वंगण हे शेवटचं काम. त्याआधी धूळ निघायला हवी, पाण्याच्या वाटा मोकळ्या व्हायला हव्यात, गाडी कुठून गळते ते पाणी ओतून बघायला हवं आणि सगळं कोरडं व्हायला हवं. कोकणात आमच्या घरी मृगाआधी शाकारणी व्हायची, तेव्हा आजोबा पन्हळीतला पालापाचोळा काढल्याशिवाय एकाही कौलाला हात लावू देत नसत. कौल कितीही चांगलं असलं तरी पन्हळ तुंबली की पाणी घरातच येतं. या गाडीच्या छतालाही तोच क्रम लागू पडतो.

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो आणि दहाएक वर्षं इऑस वापरतो. पुढचं सगळं त्या गाडीवर केलेलं, काही वेळा चुकून पुन्हा केलेलं आहे.

हा लेख कोणत्या गाडीसाठी

२००६ ते २०१५ या काळात बनलेल्या सगळ्या इऑससाठी. प्यूजो २०७ सीसी, फोर्ड फोकस सीसी, ओपेल अ‍ॅस्ट्रा ट्विनटॉप अशा दुमडत्या धातूच्या छताच्या इतर गाड्यांनाही क्रम हाच चालेल, पण सांध्यांची ठिकाणं वेगळी. प्यूजोचं आणि फोकसचं छत दोन तुकड्यांचं, ट्विनटॉपचं तीन तुकड्यांचं. इऑसचं पाच तुकड्यांचं आहे आणि त्यात सरकणारं काचेचं सनरूफसुद्धा आहे. तुकडे जास्त म्हणजे सांधे जास्त, आणि प्रत्येक सांध्याला रबराचं सील. म्हणून या गाडीच्या सीलकडे जितकं लक्ष द्यावं लागतं तितकं दोन तुकड्यांच्या छताकडे द्यावं लागत नाही.

तयारी

वर्षातून दोनदा हे काम करा: एकदा एप्रिलच्या सुरुवातीला आणि एकदा ऑक्टोबर संपायच्या आत. तुमची नंबरप्लेट हंगामी, म्हणजे वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच असेल तर वसंतातली फेरी गाडी रस्त्यावर आणण्याआधी आणि शरदातली गाडी उभी करून ठेवण्याआधी. दिवस कोरडा हवा, तापमान १० अंशांच्या वर, जागा सावलीची. उन्हात तापलेल्या छतावर साबण वाळतो आणि डाग पडतात. थंडीत रबर ताठ असतं, ते पुसताना फाटायची भीती.

वेळ धरा अर्धा दिवस, आणि पुढची एक रात्र गाडी हलवायची नाही. शनिवारी सकाळी सुरू केलं तर रविवारी गाडी हातात येते. शनिवारीच का, तर बऱ्याच ठिकाणी धुण्याची केंद्रं रविवारी बंद असतात आणि घरासमोर गाडी धुवायला अनेक गावांत बंदी आहे, कारण साबणाचं आणि तेलाचं पाणी जमिनीत मुरतं. धुण्याचा भाग वाशबॉक्समध्ये, म्हणजे आपली गाडी आपणच धुवायच्या केंद्रात उरका, बाकीचं घरी. घरी वापरायचं पाणी साधं, बिनसाबणाचं.

जागा सपाट हवी. गाडी तिरकी उभी असली की छताच्या सांगाड्याला पीळ बसतो, आणि पाण्याची परीक्षाही खोटी ठरते, कारण पाणी एकाच बाजूला धावतं. वर मोकळं आकाश हवं. तळघरातल्या पार्किंगमध्ये छत उघडू नका. डिकीचं झाकण उघडताना मागे झुकतं, म्हणून मागे निदान अर्धा मीटर मोकळी जागा ठेवा.

बॅटरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. छत हायड्रॉलिक पंपावर चालतं आणि पंप बॅटरी ओढतो. हिवाळाभर उभ्या गाडीची बॅटरी अर्धमेली असते, छत अर्ध्यात थांबतं आणि लोक समजतात पंप गेला. आदल्या रात्री चार्जर लावून ठेवा. इंजिन नुसतं चालू ठेवून भागवायचा विचार असेल तर लक्षात घ्या, इथल्या वाहतूक नियमांत विनाकारण इंजिन चालू ठेवायला मनाई आहे, आणि शेजारी ते बोलून दाखवतात.

सामान असं:

- गाडीचा सौम्य शाम्पू, कोमट पाणी, दोन बादल्या
- मायक्रोफायबरची सहा-सात कापडं. त्यातली दोन फक्त वंगणासाठी, ती पुन्हा कशालाच वापरायची नाहीत
- रंगकामाचा मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश, कानातल्या काड्या
- पांढऱ्या किचन पेपरचा रोल आणि रंगाऱ्याची चिकटपट्टी
- बागेची झारी, छोट्या तोंडाची
- टॉर्च, रबरी हातमोजे
- फोक्सवॅगनचं सीलसाठीचं वंगण, पार्ट नंबर जी ०५२ १७२ ए१

हे वंगण छोट्या ट्यूबच्या मानाने महाग आहे, तरी इथे काटकसर करू नका. क्रायटॉक्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातलं ते आहे आणि पाण्याने धुऊन जात नाही. पेट्रोलियम जेली, डब्ल्यूडी-४०, डॅशबोर्डचं पॉलिश, स्वयंपाकघरातलं तेल यांतलं काहीही सीलला लावायचं नाही. दारं-छतांच्या सीलसाठी वापरतात त्या रबराला खनिज तेल मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग आकारच सोडून देतं. सिलिकॉनचा फवारा तेवढा घातक नाही, पण तो महिना-दीड महिन्यात उडून जातो आणि मागे एक बुळबुळीत थर ठेवतो. त्या थरावर खरं वंगण बसत नाही.

टप्पा १: कोरड्या गाडीची पाहणी

पाण्याला हात लावण्याआधी गाडीच्या आत बसा. पायाखालचे रबरी मॅट उचला, गालिचावर किचन पेपर ठेवून तळहाताने जोरात दाबा आणि दहापर्यंत मोजा. गालिचा वरून कोरडा लागतो, पण खालचा फोम पाणी पिऊन बसलेला असतो. कागद ते दाखवतो. चारही पायांच्या जागा, मागच्या सीटच्या बाजूचे कोपरे आणि डिकीचा तळ असेच तपासा.

मग काचांकडे बघा. आतून सकाळी धुकं धरत असेल तर गाडीत कुठेतरी ओल आहे, मग कागद कोरडा निघाला तरी. वास घ्या. बंद पेटीतल्या ओल्या गोधडीसारखा वास असेल तर पाणी काही आठवड्यांपासून आहे.

जे सापडेल त्याचा फोटो काढा. नंतर "आधीपासून होतं की आत्ता आलं" हा घोळ होतो, तो फोटो मिटवतो.

तपासा: गालिचा ओला निघाला तर आजचं काम पुढे ढकला. आधी गालिचा उचलून, खाली वर्तमानपत्रं कोंबून दोन-तीन दिवस वाळवा. ओल्या गाडीत पुढची पाण्याची परीक्षा काहीच सांगत नाही, कारण नवं पाणी कोणतं आणि जुनं कोणतं ते कळत नाही.

टप्पा २: छत बंद ठेवून धुणं

सगळ्यात जास्त होणारी चूक इथली. ऊन पडलं की पहिला हात छताच्या बटणावर जातो. हिवाळाभराची वाळू, रस्त्यावर टाकलेलं मीठ, वसंतातले पिवळे पराग, गाडी लिंडनच्या झाडाखाली उभी असेल तर झाडावरून टपकणारा चिकट थर, हे सगळं सांध्यांत बसलेलं असतं. तसंच छत उघडलं की तुकडे एकमेकांवर सरकतात आणि ती वाळू रबरावर कानशीसारखी फिरते. सील एकदम फाटत नाही. बारीक ओरखडे पडतात, आणि पुढच्या पावसात पाणी त्या ओरखड्यांतून वाट काढतं.

म्हणून छत बंद, काचा बंद, सनरूफ बंद. आधी भरपूर साधं पाणी वरून सोडा, मग शाम्पू, मग पुन्हा पाणी. सांध्यांवरून मऊ ब्रश सांध्याच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. मागची काच आणि डिकीचं झाकण यांच्यामधल्या फटीत पानांचे तुकडे आणि झाडांच्या बिया अडकतात. त्या चिमटीने उचला, पाण्याने आत ढकलू नका.

सावध: प्रेशरची नळी सीलवर कधीच रोखायची नाही. खालच्या बाजूला, चाकांना खुशाल वापरा. छतावर मी ती आणतच नाही. जोराच्या धारेने सीलचा ओठ उलटा होतो आणि तसाच राहतो, मग धडधाकट सीलमधूनही पाणी येतं.

धुतल्यावर छत पूर्ण पुसून कोरडं करा. सांध्यांवर कापड दाबून पाणी टिपून घ्या. ओलं छत उघडलं तर वरचं सगळं पाणी सीटवर किंवा डिकीत जातं.

टप्पा ३: छत उघडणं

डिकी रिकामी करा. छत बंद असताना इऑसच्या डिकीत ३८० लिटर जागा असते, छत आत आल्यावर २०५ लिटर उरते. ही फरकाची जागा छताची आहे. तिथे राहिलेली पाण्याची बाटलीसुद्धा काच फोडू शकते. सामान वेगळं ठेवणारा पडदा नीट ओढून दोन्ही बाजूंनी अडकवा. तो अडकलेला नसेल तर छत हलतच नाही, आणि "बटण दाबतोय पण काही होत नाही" अशा दहा तक्रारींतल्या निम्म्या इथेच सुटतात.

इग्निशन चालू, गाडी थांबलेली, डिकी बंद. बटण धरून ठेवा, काम पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत सोडू नका. साधारण २५ सेकंद लागतात. पूर्ण वेळ बाहेर उभ्या असलेल्या कुणीतरी बघत राहावं, मुलं आणि कुत्री लांब.

छत मध्येच थांबलं तर जोर लावू नका. बटण सोडा, इग्निशन चालू आहे का बघा, पडदा बघा, मागचे पार्किंग सेन्सर कशाला अडत आहेत का बघा, मग उलट दिशेने बटण धरून बघा. लागोपाठ चार-पाच वेळा उघडबंद केलं असेल तर पंप तापलेला असतो. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. हाताने बंद करायची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत आहे, पण तिला दोन माणसं लागतात आणि ती पुस्तिका समोर उघडी ठेवूनच करायची.

टप्पा ४: सील स्वच्छ करणं

सगळी सील एका स्थितीत हाताशी येत नाहीत. मी काम तीन भागांत करतो. छत बंद, दारं आणि सनरूफ उघडं असताना काचांच्या वरच्या कडेची सील आणि सनरूफभोवतीची. छत पूर्ण आत गेल्यावर पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवरची, आणि डिकीच्या कडेची. उरलेले मधले सांधे छत अर्ध्यावर थांबवूनच दिसतात.

सावध: अर्ध्यावर थांबलेलं छत फक्त हायड्रॉलिकच्या दाबावर उभं असतं. दाब उतरला की ते आपोआप खाली येऊ शकतं. म्हणून दोन अटी: दुसरं माणूस बटणापाशी बसलेलं आणि इग्निशन चालू, आणि हात फक्त मोकळ्या कडेला, दोन तुकड्यांच्या मध्ये बोट नाही, खाली डोकं नाही. दोन-तीन मिनिटांत तेवढी बाजू उरका आणि छत पूर्ण बंद करा. मदतीला कुणी नसेल तर हा भाग त्या दिवशी सोडून द्या.

पुसायची पद्धत अशी. कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, शाम्पूचे दोन थेंब पुरे. सील दोन बोटांत हलकं धरून कापड लांबीच्या दिशेने ओढा. काळा डाग निघेल, ते मळ आणि जुनं वंगण आहे. कापडाची घडी बदला, पुन्हा ओढा. ओठासारखं दुमडलेलं सील असेल तर ओठ उलगडून आतली घडीही पुसा. बारीक वाळू तिथेच असते. मग साध्या पाण्याचं कापड, मग कोरडं.

एका जागेला मी सगळ्यात जास्त वेळ देतो: पुढच्या काचेचा खांब, दाराची काच आणि छत जिथे एकत्र येतात तो वरचा कोपरा. टॉर्च मारून बघा. तिन्ही बाजूंची सील तिथे एकमेकांना टेकतात आणि टोकाला रबराची एक छोटी जीभ आहे, करंगळीच्या नखाएवढी. ती जीभ बाहेरच्या बाजूला राहायला हवी. दार घाईने लावल्यावर ती आत दुमडते, महिनोन्‌महिने तशीच राहते आणि तिला तोच आकार येतो. मग पावसात चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर थेंब पडतो आणि लोक सगळं सील बदलायच्या गोष्टी करतात. कानातल्या काडीने तिच्या मागची घाण काढा, बोटाने हळूच बाहेर काढा आणि दार लावताना ती कुठे जाते ते बाहेरून बघा.

पूर्वी सिलिकॉनचा फवारा मारलेला असेल तर एकदा पुसून भागत नाही. मी पहिल्या वर्षी मारला होता. तो थर काढायला मला तीन शनिवार लागले, आणि तोपर्यंत घातलेलं वंगण फुकट गेलं.

तपासा: पांढरा किचन पेपर सीलवरून ओढा. करडा डाग पडला तर आणखी एक फेरी. कागद पांढराच राहिला की पुढे चला. पुसतानाच भेगा, चपटा झालेला भाग, चिकटवलेलं सुटलेलं टोक दिसलं तर तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा.

टप्पा ५: पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं

छतावर पडलेल्या पाण्यापैकी काही थेंब सीलच्या आत येणारच, असं धरूनच या छताची रचना आहे. ते थेंब पन्हळीत पडतात आणि नळीवाटे गाडीखाली जातात. पन्हळ तुंबली की ते गालिच्यात जातात. गळतीच्या ज्या गाड्या मी पाहिल्या त्यांत सील शाबूत आणि वाट बंद, असा प्रकार बराच होता.

बॉनेट उघडा. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, पाणी वाहून नेणारा खोलगट भाग आहे. जर्मनीत त्याला वासरकास्टन म्हणतात. कुजलेली पानं हाताने काढा. तिथलं पाणी साचलं तर ते पुढच्या सीटच्या पायाशी येतं, आणि दोष छताला मिळतो.

मग छत आत असताना मागच्या बाजूला, डिकीच्या झाकणाच्या कडेने जाणाऱ्या पन्हळी ब्रशने साफ करा. प्रत्येक पन्हळीत झारीने कपभर पाणी अगदी हळू सोडा आणि कुणाला तरी गाडीखाली बघायला सांगा. काही सेकंदांत जमिनीवर धार किंवा थेंब दिसायला हवेत. डावी-उजवी दोन्ही बाजू करा आणि किती वेळ लागला ते मनात ठेवा. एक बाजू पटकन आणि दुसरी रेंगाळत असेल तर ती अर्धी तुंबलेली आहे.

तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी चांगली. तिचं टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा, मग हलक्या हाताने आत-बाहेर.

सावध: तार नको, कॉम्प्रेसरची हवाही नको. तारेने नळी फाटते. हवेने ती आतल्या जोडावरून निसटते, आणि मग तिथलं सगळं पाणी पॅनलच्या मागे गळत राहतं. निसटलेली नळी बसवायला आतलं अस्तर उतरवावं लागतं.

दारांच्या तळाशी असलेली भोकंही काडीने बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

टप्पा ६: पाण्याची परीक्षा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि म्हणून दर वर्षी तीच गळती परत येते. परीक्षा वंगणाच्या आधी घ्यायची. वंगण लावून घेतली तर दोन-चार आठवडे ते बारीक गळती झाकून ठेवतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

छत बंद करा. आतून सांध्यांच्या खाली किचन पेपरच्या पट्ट्या चिकटवा: पुढच्या काचेच्या वर, दोन्ही कोपऱ्यांत, दोन्ही दारांच्या काचांच्या वरच्या कडेला, मागच्या काचेजवळ. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर झारी घेऊन. आतल्याने बोलत राहायचं, बाहेरच्याने कान देऊन.

ओतायचं खालून वर. आधी दाराच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर, मग वरच्या कडेवर, मग कोपऱ्यावर, मग पुढच्या पट्टीवर, मग छतावरच्या आडव्या सांध्यांवर, शेवटी मागे. प्रत्येक जागेला पाच मिनिटं सावकाश. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कोणती जागा दोषी ते कळत नाही. धीर धरा. पाण्याला सीलच्या आतून वाट काढायला तीन-चार मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात बहुतेक जण "गळत नाही" म्हणून मोकळे होतात.

जो कागद आधी भिजला ती खूण. कागद भिजण्याची वेळ आणि त्या वेळी बाहेर पाणी कुठे होतं, हे दोन्ही लिहा. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा एकच असेल असं नाही. अस्तराच्या आतून ते हातभर प्रवास करतं.

निकाल कसा वाचायचा:

कोपऱ्यात भिजलं तर आधी ती जीभ बघा. काचेच्या पूर्ण वरच्या कडेला भिजलं तर बहुधा काच सीलवर पुरेशी दाबून बसत नाही. हे वर्कशॉपमध्ये काच जुळवून सुटतं, वंगणाने नाही. आडव्या सांध्यात एकाच ठिकाणी भिजलं आणि तिथे तुम्ही चिकटपट्टीची खूण केली असेल तर ते सील थकलेलं आहे. नुसता ओलसर डाग पडला, थेंब नाही, तर वंगणाने बरं होण्याची खरी शक्यता आहे.

माझ्या ओळखीतल्या एकाने एका विक्रेत्याकडून इऑस घेतली, दाखवायला आणली तेव्हा ती चकचकीत आणि सीलही काळीभोर ओली चमकत होती. पहिल्याच पावसात मागच्या सीटवर पाणी. तुम्ही जुनी इऑस घ्यायला जात असाल तर टप्पा १ आणि टप्पा ६ पैसे देण्याआधी तिथेच करा, झारी सोबत न्या. छत उघडून दाखवायला सगळे तयार असतात. बंद छतावर अर्धा तास पाणी ओतू देत नसतील तर ती गाडी सोडा.

टप्पा ७: वाळवणं

बाहेरून छत पुसा, मग उघडा, आणि सावलीत दोन तास तरी तसंच ठेवा. सीलच्या घड्यांत कापडाचं टोक घालून पाणी टिपा. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर. गरम हवेने रबर तात्पुरतं मऊ होतं आणि चिकटवलेले भाग सुटतात.

तपासा: सीलच्या घडीत कोरडी कानातली काडी फिरवा. ओली निघाली तर अजून थांबा. पाण्याच्या थरावर लावलेलं वंगण रबराला धरत नाही, पहिल्या उघडझापीत पुसून निघतं.

टप्पा ८: वंगण

हातमोजे घाला. वंगणाचा वाटाण्याएवढा थेंब कापडावर घ्या, सीलवर नाही. लांबीच्या दिशेने पातळ फासा. एवढ्या थेंबात साधारण हातभर सील व्हायला हवं. बोटाने स्पर्श केल्यावर रबर रेशमी लागलं पाहिजे, बोट ओलं दिसता कामा नये. जास्तीचं दहा मिनिटांनी दुसऱ्या कापडाने उचलून घ्या. जाड थराने गळती थांबत नाही. त्याला धूळ मात्र चिकटते, आणि टप्पा २ मधली ती कानस पुन्हा तयार होते.

लावायचं फक्त तिथे, जिथे रबर दुसऱ्या तुकड्याला किंवा काचेला टेकतं. मखमली लव असलेल्या पट्ट्यांना नाही, रंगाला नाही. पुढच्या काचेला तर चुकूनही नाही: हे वंगण साध्या साबणाने सहज निघत नाही, आणि रात्री पावसात वायपर फिरला की समोर नुसता धुरकट पट्टा दिसतो. पुढच्या काचेवर कडेने चिकटपट्टी लावून मगच वरच्या पट्टीला हात घाला.

सावध: वंगणाचे हात असताना सिगारेट ओढू नका, मोजे काढल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तर नाहीच. या प्रकारची फ्लोरिनयुक्त वंगणं जळली की विषारी धूर निघतो. सिगारेटला लागलेला कणही ताप आणू शकतो. वापरलेली कापडंही जाळायची नाहीत.

सगळं झाल्यावर छत आणि काचा बंद करा आणि रात्रभर गाडीला हात लावू नका. पाऊस येणार असेल तर छपराखाली.

टप्पा ९: दुसरी सकाळ

छत एकदा पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, आणि काच वर करून एक फेरी मारा. खडबडीत दगडी रस्त्यावरून न्या आणि छताकडे कान द्या. कोरडं रबर करकरतं, जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखं. तो आवाज गेला असेल तर काम नीट बसलं. एका बाजूनेच येत असेल तर ती बाजू पुन्हा टप्पा ४ पासून करा, नुसतं वरून आणखी वंगण लावू नका.

पुढच्या काचेवर हेडलाइटच्या उजेडात तेलकट पट्टा दिसतो का तेही त्याच रात्री बघा.

हिवाळ्यासाठी वेगळं

ऑक्टोबरच्या फेरीत दारांच्या काचांची सील जरा जास्त काळजीने करा. इऑसच्या दाराला चौकट नाही. दार उघडताना काच किंचित खाली सरकते आणि सीलमधून सुटते. थंडीत काच सीलला गोठून बसली की ती सरकत नाही. अशा वेळी हँडल ओढून दार खेचलं तर सीलचा ओठ काचेबरोबर उपटून येतो. काचेच्या कडेवर तळहात ठेवून हळू दाबा, बर्फ सुटल्याचा बारीक आवाज येईपर्यंत, मग उघडा. गरम पाणी ओतू नका.

बर्फ असताना छत उघडायचं नाही, वरचा बर्फ झाडून काढला असला तरी. सांध्यातला बर्फ दिसत नाही.

नोंद

गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत एक कोरा कागद ठेवा. त्यावर तारीख, किलोमीटर, कोणता कागद किती मिनिटांनी भिजला, कोणत्या बाजूची नळी रेंगाळत होती, हे लिहा. वर्कशॉपमध्ये "गळतेय" एवढंच सांगितलं तर ते सगळं छत तपासायचे तास लावतात. "डावा पुढचा कोपरा, चौथ्या मिनिटाला, जीभ बाहेर असतानाही" असं सांगितलं तर माणूस थेट त्या कोपऱ्याकडे जातो.